खांदेरीचा दिवा आणि त्याचे राखणदार

भिलाईला समुद्र नाही. इथून मुंबईचा किनारा रेल्वेने हजार किलोमीटरहून अधिक लांब आहे. आपल्यापैकी अनेकांच्या मुलांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी गेल्यावर. मग आपल्या स्मरणिकेत एका बेटावरच्या दीपगृहाची हकिगत कशासाठी, असे कुणी विचारले तर ते योग्यच ठरेल.

त्याला उत्तर असे की ज्यांनी कारखान्यात रात्रपाळी केली आहे, त्यांना ही हकिगत इतरांपेक्षा लवकर समजेल. झोतभट्टी रात्री बंद करून घरी जाता येत नाही. कोक ओव्हनची बॅटरी एकदा तापली की वर्षानुवर्षे तिला थंड होऊ द्यायचे नसते. सण असो, लग्नसराई असो, पाऊस कोसळत असो, कुणीतरी तिथे जागे असावेच लागते. दीपगृहाच्या राखणदाराचे काम नेमके याच जातीचे होते.

अलिबागच्या उत्तरेला थळ नावाचे गाव आहे. खत कारखान्यामुळे हे नाव आपल्याकडील अभियंता मंडळींना माहीत असेल. थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर पाण्यात दोन बेटे दिसतात. जवळचे आणि सपाट ते उंदेरी. त्याच्या पलीकडचे, किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटरवरचे, दोन टेकड्यांचे ते खांदेरी. मुंबई बंदराच्या तोंडापासून खांदेरी वीसेक किलोमीटर दक्षिणेला येते. दक्षिणेकडून मुंबईला येणारे प्रत्येक जहाज या बेटाच्या नजरेखालून जाते. बेटाचा सगळा इतिहास या एका गोष्टीतून घडला आहे.

काळोखाचा फायदा घेणारा किल्ला

हे बेट आपल्या ताब्यात असावे, असे शिवाजी महाराजांच्या मनात बरीच वर्षे होते. १६७२ मध्ये एक प्रयत्न झाला, पण मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांच्या विरोधामुळे तो पुढे गेला नाही. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मात्र मायनाक भंडारी माणसे आणि काही लहान तोफा घेऊन बेटावर उतरले आणि त्यांनी तटाचे काम सुरू केले. समुद्र अजून खवळलेला होता. शत्रूची जहाजे अशा दिवसांत सहज बाहेर पडत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते.

इंग्रजांनी हरकत घेतली, बेट मुंबईच्या मालकीचे असल्याचा दावा केला आणि मग बेटाला वेढा घालण्यासाठी गलबते पाठवली. सप्टेंबर १६७९ मध्ये बेटावर उतरण्याच्या प्रयत्नात त्यांचा लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प मारला गेला. पुढे १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराने इंग्रजांच्या जहाजांवर हल्ला केला आणि 'डव्ह' नावाचे त्यांचे एक गुराब मराठ्यांच्या हाती लागले. 'रिव्हेंज' ही त्यांची मोठी फ्रिगेट मात्र टिकून राहिली. मोठ्या तोफांच्या जोरावर समोरासमोरच्या लढाईत इंग्रज वरचढ ठरू शकत होते.

तरीही ते हरले, आणि त्याचे कारण रात्र हे होते. मराठ्यांच्या लहान, वल्ह्यांनी चालणाऱ्या होड्या काळोखात किनाऱ्यावरून निघत आणि दाणागोटा, दारूगोळा, माणसे पोहोचवून परत येत. वाऱ्यावर अवलंबून असलेल्या मोठ्या जहाजांना त्यांना अडवणे जमेना. दिवसा वेढा आणि रात्री रसद, असे महिनोन् महिने चालले. तट मात्र वाढतच राहिला. अखेर जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी वेढा उठवला. त्याच सुमारास सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले आणि ही दोन बेटे पुढे कित्येक वर्षे एकमेकांवर तोफा रोखून उभी राहिली. एप्रिल १६८० मध्ये महाराजांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत यशस्वी झालेल्या शेवटच्या मोठ्या कामांपैकी खांदेरी हे एक होते.

पुढे खांदेरी कान्होजी आंग्र्यांकडे आले. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने मोठी तयारी करून खांदेरीवर हल्ला केला, पण किल्ला पडला नाही. १७२९ मध्ये कान्होजींचे निधन झाले. त्यांच्या वंशातले राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात बांधलेले गणेश पंचायतन आजही पाहायला मिळते. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि ज्या बेटासाठी इंग्रजांनी एवढा जीव काढला होता, ते लढाईशिवाय त्यांच्या पदरात पडले. तेव्हा त्यांना त्याचा फारसा उपयोग उरला नव्हता. अडवायला शत्रूच राहिला नव्हता.

दिव्याची गरज का पडली

उपयोग पुन्हा निर्माण झाला तो व्यापारामुळे. मुंबईच्या तोंडाशी पाण्याखाली खडकांच्या लांब रांगा आहेत. पावसाळ्यात आभाळ भरून आले, दोन दिवस सूर्य आणि तारे दिसले नाहीत की जहाजाच्या कप्तानाला आपण नेमके कुठे आहोत ते कळत नसे. जून १८४० मधल्या एका वादळात 'लॉर्ड विल्यम बेंटिंक' आणि 'लॉर्ड कॅसलरे' ही दोन मोठी जहाजे बंदराच्या तोंडाशी येऊन फुटली आणि पुष्कळ माणसे बुडाली. मुंबईचे दिवे डोळ्यांसमोर असताना हे घडले.

अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या, गुजरातच्या कापसाला मुंबईत सोन्याचा भाव आला. जहाजांची गर्दी वाढली. वाफेची जहाजे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी येऊ लागली. त्यांना रात्र झाली म्हणून बाहेर थांबून चालत नव्हते. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर तर ही वर्दळ आणखी वाढणार होती. कुलाब्याच्या टोकावर जुना दिवा होता, पण दक्षिणेकडून येणाऱ्या जहाजाला तो दिसेपर्यंत उशीर होत असे. त्याच्याआधीच एक खूण हवी होती.

म्हणून १८६७ मध्ये खांदेरीच्या दक्षिणेकडील उंच टेकडीवर, मायनाक भंडाऱ्यांनी सुरू केलेल्या तटाच्या आत, दगडी अष्टकोनी मनोरा उभा राहिला आणि त्यावर दिवा लागला. त्यानंतर १८७५ मध्ये कुलाब्याच्या पुढच्या खडकावर थॉमस ऑर्मिस्टन यांनी आखलेले प्रॉन्ग्स दीपगृह सुरू झाले. ओहोटीला तिथे खडकांवरून चालत जाता येते आणि भरतीला ते पाण्यात एकटे पडते. खांदेरी आणि प्रॉन्ग्स, असे हे मुंबईचे दोन दिवे झाले.

दोन दिवे कशासाठी, हे सर्वेक्षणाचे काम केलेल्यांना लगेच कळेल. एका दिव्याची दिशा कंपासवर घेतली की नकाशावर एक रेषा मिळते आणि जहाज त्या रेषेवर कुठेतरी असते. दुसऱ्या दिव्याची दिशा घेतली की दुसरी रेषा मिळते. दोन्ही जिथे छेदतात तिथे आपण आहोत. पण त्यासाठी हा दिवा कोणता आणि तो कोणता, हे आधी ओळखता आले पाहिजे. म्हणून प्रत्येक दिव्याची लय ठरवून दिलेली असते. कुणी ठरावीक सेकंदांनी एकदा चमकतो, कुणी दोनदा चमकून थांबतो. चुकीचा दिवा ओळखणे हे दिवा नसण्यापेक्षाही घातक ठरू शकते, कारण तेव्हा कप्तान निर्धास्तपणे चुकीच्या दिशेने जातो.

उंचीचाही हिशोब आहे. पृथ्वी गोल असल्याने दिवा कितीही प्रखर असला तरी एका मर्यादेपलीकडे तो क्षितिजाखाली जातो. मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ काढून त्याला सुमारे दोनने गुणले की ती मर्यादा सागरी मैलांत मिळते. समुद्रसपाटीपासून पन्नास मीटरवरचा दिवा साधारण चौदा-पंधरा सागरी मैलांपर्यंत पोहोचतो. पाहणारा जहाजाच्या डेकवर उंच उभा असेल तर आणखी पाच-सहा मैल मिळतात. टेकडी आणि तिच्यावर मनोरा, ही रचना त्यासाठी होती.

राखणदाराची रात्र

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. विजेच्या आधीच्या काळात दीपगृहात काय काम असे?

सूर्य मावळण्याच्या आधी राखणदार जिना चढून वर जात असे. दिवसभर भिंगांवर ओढून ठेवलेले पडदे तो काढी. पडदे यासाठी की उन्हाचा झोत त्या प्रचंड भिंगांतून उलटा एकवटला तर दिव्याचे सामान जळू शकते. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल यांनी १८२० च्या दशकात शोधलेली ही भिंगे म्हणजे एकात एक बसवलेल्या काचेच्या कड्यांची रचना. साध्या तेलाच्या दिव्याचा चारी बाजूंना विखुरणारा उजेड गोळा करून ती क्षितिजाकडे सरळ पाठवते. त्यांच्यावर एक बोट उमटले तरी उजेड कमी होतो. म्हणून रोज सकाळी ती पुसणे, पितळ चकचकीत ठेवणे, बाहेरच्या काचांवरचा खारा थर धुऊन काढणे हे ठरलेले काम असे.

रात्री वात सारखी कापावी लागे, नाहीतर काजळी धरे. पुढे रॉकेलच्या वाफेवर जळणारे, मेंटल लावलेले दिवे आले. लग्नाच्या वरातीतली पेट्रोमॅक्स ज्यांनी पंप मारून पेटवली आहे त्यांना त्याची कल्पना येईल. दिवा फिरता असेल तर भिंगांचा सगळा पिंजरा फिरवण्यासाठी घड्याळासारखी यंत्रणा असे. मनोऱ्याच्या पोकळीत साखळीला वजन टांगलेले असे, ते हळूहळू खाली उतरे आणि भिंगे फिरत राहत. ते तळाला पोहोचण्याच्या आत हँडल फिरवून पुन्हा वर घ्यायचे. पुढे कित्येक ठिकाणी हा टनावारी भार पाऱ्याच्या हौदावर तरंगत ठेवण्यात आला, म्हणजे तो बोटानेही ढकलता येई. राखणदाराला डुलकी लागली आणि वजन तळाला टेकले तर दिवा जळत राही, पण फिरायचा थांबे. मग दूरच्या जहाजाला त्याची लय ओळखू येत नसे.

म्हणून पाळ्या असत. एक झोपे, दुसरा जागे. पाळी संपताना नोंदवहीत वेळ, वारा, हवामान, दिव्याची स्थिती लिहायची आणि पुढच्याला उठवायचे. पुढचा वर आल्याशिवाय खाली उतरायचे नाही. आपल्याकडेही बदली येईपर्यंत जागा सोडता येत नाही, हा नियम पाळलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

आणि हे सगळे बेटावर. खांदेरीचा किनारा मुंबईपासून फार लांब नाही, पण जूनमध्ये समुद्र खवळला की पाच किलोमीटरही फार होतात. कोळी बांधव आपल्या होड्या वर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मगच पुन्हा बाहेर पडतात. मधल्या दिवसांत बेटावर होडी लावणे म्हणजे जीवाशी खेळ. थळची वस्ती, देवळातले दिवे, गणपतीची आरास, सगळे डोळ्यांना दिसते पण तिथे पोहोचता येत नाही. खांदेरीवर वेताळाचे ठाणे आहे आणि कोळ्यांची त्यावर फार श्रद्धा आहे. बेटावर एक मोठा दगडही आहे. त्यावर दुसऱ्या दगडाने मारले की भांड्यासारखा धातूचा नाद येतो. एकट्या माणसाला अशा ठिकाणी वारा आणि लाटांखेरीज एवढीच सोबत.

दिवा चालू आहे, म्हणजे सगळे ठीक आहे

राखणदारांच्या इतिहासातली एक खरी घटना इथे सांगावीशी वाटते. ब्रिटनमध्ये वेल्सच्या किनाऱ्यापासून दूर 'स्मॉल्स' नावाच्या खडकांवर एक लाकडी दीपगृह होते. १८०१ च्या सुमाराला तिथे हॉवेल आणि ग्रिफिथ असे दोन राखणदार होते. दोघांचे पटत नाही, हे किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत होते. ग्रिफिथ अचानक वारला. हॉवेलला भीती वाटली की देह समुद्रात सोडला तर लोक आपल्यावर खुनाचा आळ घेतील. म्हणून त्याने पेटी तयार करून देह त्यात ठेवला आणि ती बाहेरच्या बाजूला बांधली. वादळामुळे कित्येक आठवडे होडी येऊ शकली नाही. त्या सगळ्या काळात हॉवेल रोज संध्याकाळी दिवा लावत राहिला.

आणि नेमके म्हणूनच कुणाला शंका आली नाही. जवळून गेलेल्या जहाजांनी दिवा पाहिला, सगळे ठीक आहे असे मानले आणि ती पुढे गेली. अखेर होडी पोहोचली तेव्हा हॉवेल इतका बदललेला होता की त्याच्या ओळखीच्यांनाही तो ओळखू आला नाही, असे सांगतात. यानंतर ब्रिटनमध्ये अशा दीपगृहांवर दोनऐवजी तीन माणसे ठेवण्याचा नियम झाला.

या गोष्टीत राखणदारांच्या आयुष्याचे सगळे सार आले. काम नीट चालले की काम करणारा दिसत नाही. दिवा विझला तरच लोक विचारतात, तिथे कोण होते?

दिव्याला माणसाची गरज उरू नये, अशी सोय करणाऱ्यांत पहिले मोठे नाव स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांचे आहे. वेल्डिंगमुळे ॲसिटिलीन वायू आपल्या परिचयाचा आहे. त्या वायूवर चालणारे दिवे सूर्य मावळला की आपोआप लागतील आणि उजाडले की विझतील, अशी झडप त्यांनी १९०७ मध्ये तयार केली. १९१२ चा पदार्थविज्ञानाचा नोबेल पुरस्कार त्यांना याच कामासाठी मिळाला. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली. जगाच्या खलाशांना उजेड देणारा हा माणूस पुढची पंचवीस वर्षे स्वतः अंधारात राहिला आणि तरी आपली कंपनी चालवत राहिला.

नंतर वीज आली, मग सौर पॅनेल, मग उपग्रहांवरून जागा सांगणारे जीपीएस. ब्रिटनमधल्या शेवटच्या दीपगृहातला राखणदार १९९८ मध्ये खाली उतरला. आपल्याकडे १९२७ च्या दीपगृह कायद्याची जागा २०२१ मध्ये नव्या कायद्याने घेतली. त्याच्या नावात दीपगृह हा शब्दही नाही, 'सागरी दिशादर्शन साधने' असा व्यापक अर्थ आहे. पण मनोरे निवृत्त झाले नाहीत. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर देशाच्या किनाऱ्यावरील अनेक दीपगृहांवर टेहळणीची रडारयंत्रे बसवली गेली. मनोऱ्यांवर पुन्हा पहारा बसला.

खांदेरी आज

खांदेरीचे आता कान्होजी आंग्रे बेट असे नामकरण झाले आहे. किल्ल्यात गाड्यांवर बसवलेल्या जुन्या तोफा आहेत. खांदेरीचे नाव नौदलानेही जपले. पहिली 'आयएनएस खांदेरी' ही पाणबुडी १९६८ मध्ये नौदलात दाखल झाली. ती सोव्हिएत रशियात बांधलेली होती. रशियन अभियंत्यांच्या बरोबरीने उभ्या राहिलेल्या आपल्या भिलाईला हे वाचून थोडे घरचे वाटेल. ती १९८९ मध्ये निवृत्त झाली आणि त्याच नावाची नवी पाणबुडी २८ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईत दाखल झाली. तसा भिलाईचाही समुद्राशी संबंध आहेच. २०२२ मध्ये नौदलात आलेल्या 'विक्रांत' या विमानवाहू जहाजासाठी सेलने जे विशेष पोलाद पुरवले, त्यात बोकारो आणि राउरकेलाबरोबर भिलाईचा वाटा होता.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. रायगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग यांच्या पंक्तीत खांदेरीही आहे. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांची नावे आता जगाला माहीत होतील. ती व्हायलाच हवीत. पण त्याच तटाच्या आत दीडशेहून अधिक वर्षे एक दिवा लागत आला आहे आणि त्याच्याखाली बसून रात्री काढलेल्या माणसांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत येत नाहीत. मायनाकांनी हे बेट शत्रूची जहाजे अडवण्यासाठी बांधले. पुढच्या राखणदारांनी तेच बेट सगळ्यांची जहाजे सुखरूप पोहोचवण्यासाठी सांभाळले. मग ते जहाज कोणत्याही देशाचे असो आणि त्यातला कप्तान कोणतीही भाषा बोलो. दोन्ही कामांना एकाच गुणाची गरज होती. रात्रभर जागे राहण्याची.

वाचकहो, शेवटी आपल्याकडे येतो. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या दिवसाचे छायाचित्र आपण पाहिले आहे. पण त्या रात्री तिसऱ्या पाळीला भट्टीवर कोण होते? नागपूर, वर्धा, अमरावतीहून ट्रंक घेऊन आलेली, टाऊनशिपच्या नव्या, रिकाम्या क्वार्टरमध्ये पहिला गणपती बसवणारी ती पिढी आता आपल्यातून एकेक करून जात आहे. ज्या घरांत ती मंडळी आहेत, तिथल्या मुला-नातवंडांनी एक वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. कोणत्या खात्यात होते, पहिली रात्रपाळी कशी गेली, सोबत कोण होते, एवढे जरी लिहून घेतले तरी पुरे. स्मरणिकेची पाने त्यासाठीच तर असतात. दीपगृहात पाळी संपताना जशी नोंदवही लिहायची पद्धत होती, तशीच ही नोंद आहे.

रात्रीच्या गाडीने नागपूरकडून येताना दुर्ग मागे पडले की खिडकीतून आभाळावर कारखान्याचा लालसर उजेड दिसतो. डब्यातली माणसे म्हणतात, "चला, भिलाई आली," आणि सामान आवरायला लागतात. त्या उजेडाखाली आत्ता कुणाची पाळी चालू आहे, हे त्या वेळी कुणाच्या मनात येत नाही. पुढच्या वेळी तो उजेड दिसला की खांदेरीची आठवण व्हावी, एवढ्यासाठी हा लेख.